हौसामावशी आणि आडातली मांजरं

फोन आला तेव्हा आमची एसटी उंब्रजच्या थांब्यावर उभी होती. साताऱ्यात आतेबहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती, ती आटोपून मी सांगलीला परत निघाले होते. कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता. फोनवर दत्ता होता, आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारा. "ताई, आई गेली," एवढंच तो आधी बोलला. मग नुसता गाडीचा आवाज. "पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणाली. दवाखान्यात नेलं, पण... तिला घेऊन गावाकडं निघालोय. कराड मागं टाकलं आत्ताच."

दत्ताची आई म्हणजे हौसामावशी. त्यांचं गाव लोणंदच्या बाजूला, माळरानातलं. कराड मागं टाकलं म्हणजे त्यांची गाडी उंब्रजकडे येत होती आणि आमची एसटी आता कराडकडे सुटणार होती. मी उठून ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले. हायवेचं काम चाललेलं, मधे सिमेंटचे ठोकळे, पलीकडच्या बाजूनं ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. दोन रुग्णवाहिका गेल्या. एकीचा दिवा चालू होता, एकीचा बंद. बंद दिव्याची तीच असावी. एका ट्रॉलीच्या आडून ती आली आणि गेली, आतलं काही दिसलं नाही. उतरून मागं फिरावं असं मनात आलं. पण घरी बाबा अंथरुणाला खिळलेले आणि त्यांच्यापाशी बसलेल्या बाई संध्याकाळपर्यंतच थांबणार होत्या. मी बसून राहिले. ज्या गावाला जायचं म्हणून मावशी सांगलीत आल्यापासून तळमळत होत्या, त्या गावाला त्या चालल्या होत्या, आणि मी मावशी नसलेल्या इमारतीकडे.

आमची इमारत मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला आहे. हळदीच्या हंगामात खिडक्या उघड्या ठेवल्या की फडताळातल्या कपड्यांनाही हळदीचा वास लागतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडली, म्हटलं वर्षभरात बरे झाले की पुन्हा कुठंतरी लागेन. त्याला आता किती वर्षं झाली ते मी मोजायचं बंद केलं आहे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्ट म्हणजे चारी बाजूंनी भिंती, सांडपाण्याचे पाइप, वर आभाळाचा एक चौकोन आणि खाली कुणीच कधी न झाडलेला तळ. चौथ्या मजल्यावर नवं कुटुंब राहायला आलं त्यानंतर काही दिवसांनी मला त्या डक्टमधून कुणीतरी बोलल्याचा आवाज यायला लागला. आधी वाटलं, फोनवर बोलतंय कुणी. पण बोलण्याला उत्तर मिळाल्यासारखे विराम नव्हते. एकदा माझ्या हातून पातेलं पडलं आणि वरून आवाज आला, "कोन हाय गं खाली?"

मी खिडकीच्या गजांना गाल टेकवून वर बघितलं. पलीकडच्या भिंतीतल्या खिडकीत, गजांच्या मागे, काळासावळा, गोंदलेल्या कपाळाचा चेहरा. "मी हौसा. दत्त्याची आय. तुजं नाव काय?" मी नाव सांगितलं, वंदना. मग म्हटलं, खाली या की चहाला. त्या हसल्या. "येनार कशी? दाराला भाईर कुलूप हाय."

मला धक्का बसला. तो त्यांच्या लक्षात आला असावा, कारण लगेच त्यांनी लेकाची बाजू घेतली. "त्येची चूक न्हाई बाय. मी पळून गेल्ते."

झालं होतं असं. मावशींची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. नवरा वारला, मेंढरं विकली, गावातलं घर दीराच्या वाटणीला गेलं, आणि दत्तानं आईला सांगलीला आणलं. तो हळदीच्या एका गोदामावर देखरेखीचं काम करतो, त्याची बायको सीमा शाळेत शिकवते. दोघं दिवसभर बाहेर. पहिल्याच आठवड्यात मावशी जिना उतरून चालत सुटल्या आणि विचारत विचारत बसस्टँडवर पोचल्या. संध्याकाळी दत्ताला त्या सापडल्या तेव्हा एका बंद एसटीत बसलेल्या होत्या, कुठल्या गावची गाडी हेही माहीत नाही. तेव्हापासून सकाळी सीमा बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लावून जायची. दत्तानं नंतर मला सांगितलं, कुलूप लावताना तो कधीच पुढं व्हायचा नाही, खाली जाऊन गाडी काढायचा.

तशी आमची बोलणी सुरू झाली. बाबांचं आवरून मी स्वयंपाकाला लागले की मावशी वर खिडकीशी असायच्या. त्या डक्टला 'आड' म्हणायच्या. "ह्या आडात तू खालच्या पायरीला, मी वरच्या. पानी कुटं दिसंना नुसतं." त्या मेंढरांचं सांगायच्या, कोकणात उतरायच्या वाटा सांगायच्या, मी बाबांचं सांगायची. भाजी चिरता चिरता गप्पा व्हायच्या, एकमेकींना धड न बघता. माझ्या आयुष्यात त्या काळात तेवढंच एक माणूस होतं जे मला 'बाबा कसे आहेत' याच्याशिवाय दुसरं काहीतरी विचारायचं.

मग एकदा डक्टच्या तळातून पिलांचा आवाज यायला लागला. इमारतीत एक भुरी मांजरी वावरायची, तिनं पहिल्या मजल्याच्या पाइपावर दोन पिलं घातली होती आणि ती खाली पडली होती. ती स्वतः पाइपावरून उतरायची, चढायची, पण एवढ्या उंचीवर पिलं तोंडात धरून तिला चढता येत नव्हतं. तळाशी जायला एकच दार, ते तळमजल्यावरच्या गादीच्या दुकानातून. दुकानदारानं त्यावर आतून पत्रा ठोकून पुढं कापसाच्या गाठी रचलेल्या. मी सोसायटीच्या चेअरमनना भेटले. "बघू, सणाची गर्दी आटपू दे, मग काढायला सांगतो," ते म्हणाले. पिलं सण संपेपर्यंत कशी थांबणार होती, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

पिलं रात्रंदिवस ओरडत होती. चार भिंतींत तो आवाज घुमून दुप्पट व्हायचा. मी खिडकी लावून घ्यायची. मावशींना लावता येत नव्हती, कारण त्यांची झोपायची खोलीच स्वयंपाकघराला लागून आणि तिची एकमेव खिडकी डक्टमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली तेव्हा त्यांच्या हातात लुगडं होतं, उभं फाडलेलं. पट्ट्यांना गाठी मारून त्यांनी दोर केला होता आणि टोकाला भाकरीची पसरट दुरडी बांधली होती, उभी धरली की गजांतून निघेल अशी. "तुज्याकडं सुकट हाय?" आमच्याकडे नव्हती. मी खाली जाऊन आणली. दुरडी चौथ्या मजल्यावरून माझ्या खिडकीपर्यंत आली, मी तीत सुकट ठेवली आणि ती हळूहळू खाली गेली. तिसऱ्या मजल्यावर मी खराट्याच्या दांड्यानं ती पाइपांना अडकू देत नव्हते. दुरडी तळाला टेकली. आम्ही दोघी दम धरून बघत राहिलो. एक पिलू आलं, वास घेतला, लांब गेलं, पुन्हा आलं, आत चढलं. मावशींनी ओढायला सुरुवात केली तसं ते घाबरून काठावर आलं. "हलू नगं, हलू नगं माज्या बाये," मावशी वरून हलक्या आवाजात म्हणत होत्या, तोच सूर लावून, जो बहुधा त्या अडलेल्या मेंढीला लावत असतील. माझ्या खिडकीच्या उंचीला दुरडी आली, मी ती दांड्यानं जवळ ओढली आणि गजातून हात घालून ते पिलू उचललं. मुठीत मावेल एवढं, राखाडी, नाकाला माती. दुसरं पिलू मात्र आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज थांबला.

पिलू मावशींना दाखवायला मी वर गेले. त्यांनी आतलं दार उघडलं, पण जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर उभ्या होतो. त्या माझ्या कल्पनेपेक्षा खूपच उंच निघाल्या. जाळीच्या खालच्या फटीतून पिलू आत सरकवलं. त्यांनी ते पदरात घेतलं आणि तिथंच फरशीवर बसल्या, मी बाहेर पायरीवर. त्यांनी त्याचं नाव दुरडीच ठेवलं. मांजर त्यांनी उभ्या जन्मात पाळलं नव्हतं. "आमच्यात कुत्री. मेंढरामागं मांजार कशाला येतंय?"

त्या रात्री मी दत्ताला गाठलं. रागावून बोलायचं ठरवलं होतं, पण त्याचा चेहरा बघून तसं बोलता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, गॅस राहिला, आग लागली, काही झालं, तर त्यांना बाहेर कोण काढणार? दुसरी किल्ली मला देऊन ठेव. तो खाली बघत म्हणाला, "ताई, ती पुन्हा गेली तर? मी कुठं शोधू?" सीमानं आतून किल्ली आणून माझ्या हातात दिली. अट एकच, आईला इमारतीबाहेर एकटं सोडायचं नाही.

तेव्हापासून दुपारी बाबांचा डोळा लागला की मी वर जाऊन कुलूप काढायची आणि आम्ही दोघी खाली पार्किंगमध्ये जायचो. एवढीच आमची सहल. भुरीला भाकरीचा काला घालायचा, स्कूटरच्या सावलीत बसायचं, बाबा जागे व्हायच्या आत वर यायचं. भुरी पुन्हा व्याली, या वेळी पार्किंगमधल्या मोडक्या कपाटामागं. तीन पिलांतलं एक गाडीखाली गेलं. उरलेली हिंडायला लागली, तशी तक्रारी सुरू झाल्या. सीटवर घाण करतात, रात्री ओरडतात. कुणीतरी म्हणालं, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या.

मी चौकशी केली. गावात काही तरुण मुलं भटक्या मांजरांसाठी पिंजरा वापरायला देतात आणि एक जनावरांचे डॉक्टर कमी पैशात मांजरींची नसबंदी करतात, असं कळलं. मी उत्साहानं मावशींना सांगितलं. पिंजऱ्यात खाऊ ठेवायचा, मांजरी आत गेली की दार पडतं, ऑपरेशन करून आणायची, पुन्हा इथंच सोडायची. परत पिलं नाहीत, परत हे हाल नाहीत.

मावशी दुरडीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तो थांबला. "तिला इचारलंस का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. "मांजरीला कसं विचारणार, मावशी?"

"व्हय. तिला न्हाई इचारता यायचं," त्या म्हणाल्या. "मला आलं असतं."

आणि मग स्कूटरच्या त्या सावलीत बसून त्यांनी मला सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. "दत्त्याचं दूध सुटलं हुतं तवा. मेंढरं घिऊन आमी खाली निगाल्तो. पोटात लय कळ यायची. वाटंवरच्या एका गावात दवाखाना हुता, तितं मालकानं नि मामंजींनी नेलं. अंगठं त्येनीच दिलं. मला भूल दिली. उठले तर पोटाला टाकं. काय केलं म्हटलं, तर गाठ हुती, काढली. कळ थांबली. मग म्हैन्याचं बी थांबलं, तर सासूबाई म्हनाल्या, अशक्तपनानं व्हतंय. मी वाट बगितली गं. दत्त्याच्या पाठीवर एक हुईल म्हनून नवस बोलले, उपास धरलं. दोन वर्सं. एकदा सासूबाई रागात बोलून गेल्या, हिला पिशवीच न्हाई, हिला कुटनं हुनार. तवा कळलं." त्यांनी दुरडीला खाली ठेवलं. "सगळ्यास्नी ठावं हुतं. मालकाला, मामंजींना, बरूबर हिंडनाऱ्या बायांना. मला सोडून."

पिंजऱ्याचं मी पुन्हा काढलं नाही. त्या मुलांना फोन करून सांगितलं, सध्या नको.

पुढच्याच आठवड्यात कुणीतरी भुरीची पिलं नेली. कुणी ते अजून कळलेलं नाही. पोत्यात भरून नेली असं गादीच्या दुकानातला माणूस म्हणाला आणि नावं विचारल्यावर आत निघून गेला. भुरी जिन्यानं वर यायची, प्रत्येक दाराशी थांबायची, ओरडायची, पुढच्या मजल्यावर जायची. गच्चीपर्यंत. मग पुन्हा खालून सुरू. तिच्या पोटाशी दूध दाटून लाल झालेलं दिसायचं. मावशींच्या जाळीच्या दाराशी ती सगळ्यात जास्त वेळ थांबायची, कारण आतून दुरडीचा वास यायचा. मावशी आत, ती बाहेर. असे काही दिवस गेले. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि वरून आवाज आला.

"ताई, पिंजरा आन."

मी खिडकीशी गेले. "नक्की, मावशी?"

"ही पुन्यांदा पोटुशी ऱ्हाईल. पुन्यांदा न्हेतील. आन पिंजरा. पर मी संगट येनार. ती उठंपतूर तितंच बसनार. आन डागदराला मी इचारनार, काय करनार हाईस ते."

डॉक्टरांनी दूध आटल्यावर आणा म्हणून सांगितलं, त्याप्रमाणे थांबलो. पिंजरा लावला त्या दिवशी मावशी सकाळपासून जेवल्या नव्हत्या. भुरी आत गेली, दार खटकन पडलं आणि ती आतल्या आत अशी आदळायला लागली की मी मागं सरले. मावशी पुढं झाल्या, त्यांनी खांद्यावरची घोंगडी पिंजऱ्यावर टाकली आणि तिच्यावर हात ठेवून खाली बसल्या. अंधार झाला तशी भुरी शांत झाली. घोंगडीखालून फक्त श्वास ऐकू येत होता. दत्ताला फोन करून मी सांगितलं, आईला घेऊन दवाखान्यात चालले आहे, रिक्षानं. तो म्हणाला, "तिला कडेला बसवा, बाहेरचं दिसेल."

डॉक्टर साधारण माझ्याच वयाचे, घाईत होते. मावशी त्यांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "हिचं काय काढनार?" डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघून नीट सांगितलं. पिशवी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या अंडाशयाच्या गाठी. भूल दिल्यावर कळणार नाही, उतरल्यावर दोन दिवस ओढल्यासारखं होईल, मग नाही. कानाचं टोक थोडं कापतील, म्हणजे पुन्हा कुणी तिला चुकून टेबलावर घेणार नाही. मावशींनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. "काढल्यावर मला दाव," त्या म्हणाल्या.

आणि डॉक्टरांनी खरंच दाखवलं. दाराशी येऊन स्टीलचा ट्रे पुढं धरला. त्यात गुलाबी, ओल्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं, दोन फाटे फुटलेलं. मावशी वाकून बघत राहिल्या.

"एवढीशीच?"

"मांजरीची एवढीच असते, मावशी."

"आन बाईची?"

डॉक्टर थोडे गोंधळले. मग त्यांनी हाताची मूठ वळून दाखवली. "साधारण एवढी."

ते आत गेले. मावशी बाकावर बसल्या. त्यांनी आपली मूठ वळली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसल्या... किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि बाबांना औषध द्यायची वेळ टळून गेली होती.

भुरीला काही दिवस पिंजऱ्यातच ठेवायचं होतं. मावशींनी पिंजरा आपल्या खोलीत, पलंगाशेजारी ठेवला. सीमानं नाक मुरडलं नाही, उलट जुनी चादर काढून दिली. पहिल्या दुपारी मी भांडी घासत असताना वरून मावशींचा आवाज आला. मला वाटलं, मला हाक मारतायत. नळ बंद केला. त्या भुरीशी बोलत होत्या.

"आयक. तुजी पिशवी काढली. मी बगितली, बारकी हुती. आता तुला पोरं व्हायची न्हाईत. वाट बगू नगंस. नवस बोलू नगंस. दुखंल दोन दिस, मग न्हाई दुखायचं. मी न्हेलं तुला तितं, मीच. दुसऱ्या कुनी न्हाई. राग आला तर माज्यावर काढ." मग पुन्हा पहिल्यापासून, तेच शब्द. त्या दोन-तीन दिवसांत त्यांनी ते तिला कितीदा सांगितलं असेल. मी नळ न सोडता उभी राहून ऐकायची.

भुरीला सोडलं तेव्हा ती पिंजऱ्याचं दार उघडलं तरी बाहेर येईना. मावशी बाजूला सरकून बसल्या. "तिचं तिला येऊ दे." आली, हळूच, भिंतीला अंग घासत, आणि गेटबाहेर निघून गेली. रात्री भाकरीला परत आली. तिच्यानंतर आमच्या गल्लीतल्या बऱ्याच मांजरी झाल्या. गादीच्या दुकानदारानं स्वतः येऊन सांगितलं, माझ्या गोदामात एक आहे, तिचंही बघा, आणि जाताना पुटपुटला की पत्रा काढून टाकलाय. बोक्यांच्या वेळी मावशी आरामात असायच्या. "ह्येला लय समजावून सांगायची गरज न्हाई," त्या म्हणायच्या, "ह्येचं काय गेलं त्येला कळायचं बी न्हाई." पण प्रत्येक मांजरीला मात्र शेजारी बसून सांगायच्या. दवाखान्यातल्या मदतनीस मुली आधी हसायच्या, नंतर त्यांच्यासाठी पिंजऱ्याजवळ खुर्ची आणून ठेवायला लागल्या.

हे वाचून कुणाला वाटेल की मावशी सांगलीत रमल्या. नाही रमल्या. पिंजरे, दवाखाना, पार्किंग, एवढंच त्यांचं जग झालं होतं आणि ते कुलूप माझ्याकडे किल्ली आली तरी लागतच होतं. दर चार दिवसांनी त्या विचारायच्या, "मला एकडाव गावाला न्हेशील? नुसतं माळ बगून येऊ." मी म्हणायची, नेईन. पण बाबांना टाकून मुक्कामी कुठं जाणार? साताऱ्याला जायचं तरी आधी आठवडाभर जुळवाजुळव. दत्ता म्हणायचा, हळदीचा हंगाम संपू दे. हंगाम संपायचा, मग गावात राहायचं कुणाकडे, हा प्रश्न यायचा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. सगळ्यांनाच न्यायचं होतं. मावशी ते ओळखून होत्या, म्हणून विचारताना हसून विचारायच्या, आणि आम्हाला ते जास्तच लागायचं.

गावाकडचे दिवस उरकून दत्ता परत आला, त्यानंतर एका रविवारी तो खाली माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. "ताई, एक विचारू? दवाखान्यात त्या पहाटे डॉक्टरनी मला विचारलं, आईचं आधी काही ऑपरेशन झालंय का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पोटावर जुना व्रण आहे, मोठा. मला माहीतच नाही. तुम्हाला काही बोलली होती?"

बाबा झोपलेले होते. मी म्हटलं, वर जाऊन बोलू. त्याच्यामागे जिना चढून गेले. जाळीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशींच्या खोलीत पलंगावर घोंगडी तशीच पसरलेली होती आणि तिच्या मधोमध दुरडी झोपली होती, चांगली थोराड झालेली. आम्ही दोघं फरशीवर बसलो. मी त्याला सगळं सांगितलं, मावशींनी मला सांगितलं होतं त्याच क्रमानं, काही गाळलं नाही.

दत्ता म्हणाला, "मी लहान असताना तिच्यामागं लागायचो. सगळ्यांना भाऊ आहे, मला का नाही. ती म्हणायची, येईल की, वाटंत असंल." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तेव्हा तिलाही तसंच वाटत होतं म्हणजे." तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. सीमाशी तो हळू आवाजात काहीतरी बोलताना ऐकू आलं.

मी तिथंच बसले होते. इतक्या वर्षांत या खोलीत मी शांतपणे एकटी कधी बसलेच नव्हते, नेहमी कुठली तरी मांजरी, कुठली तरी घाई. खिडकी उघडी होती. तेवढ्यात खालून बाबांची हाक आली, "वंदे," इतकी स्पष्ट, की जणू ते शेजारच्या खोलीत असावेत. त्यांच्या पलंगाचा कुरकुर आवाजही आला. भिंतीवरचं घड्याळ, फ्रिजची घरघर, माझ्या घरातलं सगळं त्या आडातून वर येत होतं. आणि मला कळलं, मावशींना सगळं ऐकू येत होतं. मी बाबांवर ओरडायची ते. त्यांच्या तोंडात घास कोंबताना रडायची ते. 'मरत का नाही मी' म्हणायची, तेसुद्धा. अशा वेळी बरोबर वरून हाक यायची, "ताई, खिडकीत मांजार आलंय का बग गं." मी हातातलं टाकून खिडकीशी जायची. मांजर नसायचं. नाही मावशी, मी वर बघून सांगायची, आणि त्या म्हणायच्या, मग ऱ्हाऊ दे, ये जरा हितं, हुबी ऱ्हा. मला वाटायचं, वयानं त्यांना भास होतात.

बाबांनी पुन्हा हाक मारली. "आले, बाबा," मी वरूनच म्हणाले, आणि खिडकीशी थोडा वेळ उभी राहिले.